हिल स्टेशनला उजवा कौल

दहावीच्या इंग्लिशच्या पेपरात निबंध कुठला येणार, हे आमच्या घरच्यांनी थेट देवाला विचारलं होतं.

हसू नका! तुमच्याकडे त्यासाठी क्लासवाले असतात, आमच्याकडे बाळाकाका आहेत. बाळाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते देवळात कौल घेतल्याशिवाय काहीही करत नाहीत आणि कुणाला करू देत नाहीत. होडीला नवं इंजिन बसवायचं? कौल. विहीर कुठल्या कोपऱ्यात खणायची? कौल. ताईला आलेलं कुडाळचं स्थळ? कौल. (फ्रिज लाल घ्यायचा की निळा हेही विचारणार होते, पण गुरवानेच हात जोडले.)

कौल म्हणजे काय, ते पटकन सांगते. गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे एक, डावीकडे एक. मग प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. एका वाक्यात उत्तर, तेही देवाच्या हस्ताक्षरात!

आता यात माझा निबंध कुठून घुसला? तर त्याचं मूळ समुद्राच्या तळाशी आहे. मला डायव्हिंग शिकायचं होतं. आमच्या तोंडवलीच्या आसपास सगळीकडे पर्यटक नळकांडी पाठीला बांधून पाण्यात उतरतात, मासे बघून वर येतात आणि आयुष्य बदलल्यासारखे फोटो काढतात. आणि मी, जिचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मी मासे बघणार ते फक्त आईच्या तव्यावर! म्हणून मी जाहीर केलं, दहावीनंतर डायव्हिंगचा कोर्स करणार.

"आमची माणसा बुडा नये म्हणान मी दर पौर्णिमेक समुद्राक नारळ घालतंय," आई म्हणाली, "आणि हिका बुडूक शिकूचा आसा!"

बाबा पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात आणि घरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवतात. त्यामुळे त्यांचा विचार जरा धंद्याचा. "त्या कामात इंग्लिश लागता गो," ते म्हणाले. "इंग्लिशात साठ मार्क मेळव. मगे तुझ्या आवशीक मी सांगतंय."

साठ! सराव परीक्षेत मला एक्केचाळीस होते. निबंधाच्या जागी मी नुसतं नाव लिहून खाली रेघ मारली होती. (रेघ मात्र एकदम सरळ.)

इंग्लिशच्या मॅडमनी आम्हाला चार निबंध दिले होते : छत्रीचं आत्मचरित्र, मी पक्षी झाले तर, समुद्रकिनाऱ्यावरची सकाळ आणि हिल स्टेशनची सहल. "समुद्राचा पाठ करू नका गं," असंही म्हणाल्या, "तो तुमच्या परसातच आहे. बघा आणि लिहा." पण माझं डोकं बघून लिहिणारं नाही हो, पाठ करून ओतणारं आहे! आणि त्यात एका वेळी एकच निबंध मावतो. दुसरा आत गेला की पहिला दार उघडून बाहेर. मी छत्री आणि पक्षी एकत्र घोकले, तर छत्री घरट्यात अंडी घालायला लागली.

मला पडवीत रडत बसलेलं बाळाकाकांनी पाहिलं.

"कित्याक रडतंस?"

"काका, चारांतलो खयचो येतलो ताच कळना नाय!"

"मगे इचारूया."

"कोणाक? बोर्डाक?"

"बोर्डाच्या वरच्याक!"

"पण काका, देवाक इंग्लिश येता?"

"देवाक सगळा येता. तुका येना नाय, म्हणान तर जातंव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका, बाबा, आई आणि मी देवळात. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि काकांनी हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी गावच्या भाषेत बोलणं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही.

"ह्या चेडवाक जो काय इंग्लिशाचो निबंध येवचो आसा, तेची वाट तिका दाखय रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"पेपर तपासणारो कोण रागीट आसात, तर तेच्या घरात त्या दिवशी बांगड्याची कडी होवंदे, आणि तेचा मन थंड ऱ्हवांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!" (हे गुरव सगळ्यात मोठ्याने म्हणाला.)

मग प्रश्न. छत्री? डावी पाकळी टपकन खाली. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. पक्षी? पुन्हा डावी. पुन्हा नव्या पाकळ्या. समुद्रकिनाऱ्यावरची सकाळ?

काहीच नाही. दोन्ही पाकळ्या चिकटून ढिम्म. आम्ही बघतोय, देव बघतोय, कोणी हलत नाही.

"देव इचार करता," गुरव म्हणाला. "रवा जरा."

आणि तेवढ्यात बाबांचा फोन वाजला! पुण्याचे पाहुणे सांगितलेल्या वेळेच्या आधीच येऊन आमच्या दारात उभे. घराला कुलूप, चावी आईच्या कमरेला.

"दादा, आवर लवकर!" बाबा काकांना म्हणाले. "पावणे उन्हात उभे आसत!"

"अरे, देवाक घाई करूची नसता!"

"देव खंय जायत नाय. पावणे जाती!"

काकांनी गडबडीत हात जोडले आणि ओरडले, "मगे हिल स्टेशन काय रे महाराजा?" आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी गरगरत खाली! आईने मला मिठी मारली. काका म्हणाले, "बघितलंस? प्रश्न पुरो होवच्या आधी जबाब!" गुरव मागून काहीतरी सांगत होता, पण आम्ही तोपर्यंत पायरी उतरून स्कूटरवर बसलो होतो.

तेव्हापासून आमच्या घरात फक्त हिल स्टेशन.

अडचण एकच. आमच्यापैकी कोणी हिल स्टेशनला कधी गेलंच नव्हतं. बाबा एकदा आंबोलीला गेले होते, पण तेही कुणाचा तरी बंद पडलेला टेम्पो आणायला. गाईडमधल्या निबंधात घोडे होते, स्ट्रॉबेरी होत्या, स्वेटर होता, सनसेट पॉइंट होता. मी घाम पुसत पुसत थंडी पाठ केली. 'द कूल ब्रीझ वेलकम्ड अस', म्हणजे गार वाऱ्याने आमचं स्वागत केलं. 'क्लाउड्स वेअर प्लेइंग हाइड अँड सीक', म्हणजे ढग लपंडाव खेळत होते. दिवसभर मोठ्याने! आई मासे तळता तळता परीक्षा घ्यायची.

"वाऱ्यान स्वागत केल्यान. मगे?"

"मगे घोड्यार बसलंव."

"स्ट्रॉबेरी ऱ्हवली मगो! आधी स्ट्रॉबेरी, मगे घोडो!"

आईचं इंग्लिश आठवीपर्यंतचं, पण हिल स्टेशन तिला माझ्याआधी पाठ झालं. पुण्याच्या पाहुण्या बाईंनी उच्चार सुधारून दिले आणि जाताना आम्हाला, "तुम्ही दरवर्षी महाबळेश्वरला जाता वाटतं?" असंही विचारलं. बाबांचं तर भलतंच झालं. एके सकाळी होडीत बसलेल्या पर्यटकांना डॉल्फिन काही दिसेनात. सगळे कंटाळले. बाबांना काही सुचेना, तेव्हा ते सुकाणूजवळ उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "द कूल ब्रीझ वेलकम्ड अस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्या दिवसापासून डॉल्फिन आले नाहीत की बाबा एकेक वाक्य सोडायला लागले. ज्या दिवशी डॉल्फिन अजिबात नाहीत त्या दिवशी स्ट्रॉबेरीपर्यंत मजल जायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. आमचं केंद्र किनाऱ्यावरच्याच एका शाळेत होतं. माझा नंबर खिडकीशी. मी देवाचं नाव घेऊन पेपर उलटा केला आणि सरळ निबंधाच्या प्रश्नावर गेले.

समुद्रकिनाऱ्यावरची सकाळ.

पुन्हा वाचलं. समुद्रकिनाराच होता. मला वाटलं, छपाईची चूक असेल! शेजारच्या बाकावरच्या मुलीचा पेपर तिरक्या डोळ्याने पाहिला, तर सरांनी टेबलावर पट्टी आपटली. आणि खिडकीबाहेर काय? खराखुरा समुद्र! सकाळचाच! रापण लागली होती, म्हणजे ते भलंमोठं जाळं किनाऱ्यावरून सगळे मिळून दोराने ओढतात ना, ते. माणसांची आरोळी आत ऐकू येत होती. वर घारी फिरत होत्या. बायका पाट्या घेऊन वाळूत बसल्या होत्या. अख्खा निबंध माझ्यासमोर जिवंत चालला होता आणि मला त्यातलं एक वाक्य इंग्लिशमध्ये येत नव्हतं!

मग मी विचार केला, डोक्यात जे आहे ते वाया कशाला घालवायचं? आणि लिहिलं : मी सकाळी समुद्रकिनाऱ्यावर गेले. समुद्रकिनाऱ्यावर एक डोंगर होता.

बस! एकदा डोंगर आल्यावर मला कोण अडवणार? गार वाऱ्याने स्वागत केलं. स्वेटर घातला. स्ट्रॉबेरी खाल्ल्या. घोड्यावर बसून वर गेले. मध्येच आठवलं की समुद्र राहिला, म्हणून लिहिलं की डोंगरावरून समुद्र दिसतो, पण आज धुकं असल्यामुळे दिसला नाही. (याचा मला आजही अभिमान आहे!) शेवटी सनसेट पॉइंट. पण निबंध सकाळचा! मग आम्ही तिथे संध्याकाळपर्यंत थांबलो. सरांनी पेपर गोळा केला तेव्हा बाहेर रापण किनाऱ्याला लागली होती आणि मी घोड्यावरून उतरत होते.

घरी सगळे पडवीत वाट बघत उभे.

"इला? हिल स्टेशन इला?" काका.

"समुद्र इलो."

आई म्हणाली, "अगो, समुद्र? बरोच झाला मगो! परवाच रापणीक हात लावलंस. ताच लिवलंस ना?"

"घोड्यार बसलंय," मी म्हटलं.

"किनाऱ्यार घोडो?"

"डोंगरार."

"खंयच्या डोंगरार?"

"किनाऱ्यावरच्या."

आई मटकन खाली बसली. बाबा तोंड फिरवून हसत होते, त्यांची पाठ हलताना दिसत होती. बाळाकाकांचा मात्र चेहरा पार उतरला. त्यांचा देव चुकला! ते चप्पल न घालताच देवळाकडे निघाले आणि आम्ही त्यांच्या मागोमाग.

"गुरवा, देवान फसवल्यान रे!" काका दारातूनच ओरडले. "हिल स्टेशनाक उजवो कौल दिल्यान आणि समुद्र धाडल्यान!"

गुरव निवांत फुलं निवडत होता. "हिल स्टेशनाक खंय कौल दिल्यान?" तो म्हणाला. "हिल स्टेशनाच्यो पाकळ्यो मी लावकच नाय होतंय. तुमी घाईत इचारलास. पडली ती समुद्राची पाकळी! देव सावकाश जबाब दी होतो. मी मागसून सांगी होतंय, पण तुमी स्कूटर चालू केलास."

देवाला अख्खा पेपर माहीत होता! त्याने उत्तर बरोब्बर दिलं होतं, आणि आम्ही ते दुसऱ्याच प्रश्नाच्या खाली लिहून घेतलं होतं. (अगदी माझ्यासारखंच. आता कळलं, हे माझ्यात कुठून आलं!)

निकाल लागला. इंग्लिशमध्ये छप्पन. आईने मोबाइलवर आकडा दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत, आवाजातला आनंद दाबत म्हणाली, "जावंदे गो बाय. वर ऱ्हवान पण मासे दिसतत."

मी खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसलं. चार मार्क! एक घोडा कमी केला असता आणि एक होडी घातली असती, तर मिळाले असते. पण बाळाकाकांना चैन पडेना. संध्याकाळी ते बाबांना म्हणाले, "घाई आमी केलंव आणि शिक्षा चेडवाक? ह्या काय बरोबर नाय. इचारूया."

"परत?" आई दचकली.

"देव जा काय सांगात ता. तुका चलात मां?"

देवाला नाही कोण म्हणणार? या वेळी बाबांचा फोन घरीच ठेवला. चावी पाहुण्यांना दिली. गुरवाने पाकळ्या लावल्या, काकांनी मला डायव्हिंगला पाठवायचं का ते विचारलं, आणि आम्ही श्वास रोखून उभे. डावी पाकळी जरा हलली. आईचे डोळे चमकले. मग डावी थांबली. आणि उजवी, एकदम सावकाश, घसरत घसरत, देवाच्या खांद्यावरून खाली आली.

"परत लावा!" आई म्हणाली.

"वैनी," गुरव हसला, "देवाकडे रिचेकिंग नसता."

नवरात्र सरल्यावर मोसम सुरू झाला आणि मी पाण्यात उतरले. काय सांगू तुम्हाला! निळ्या उजेडात पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या नाकासमोरून वळला, खाली प्रवाळाची अख्खी बाग, आणि माझा श्वास बुडबुड्यांनी वर चाललेला. मी वर आले ती रडत-हसतच. होडी बाबांचीच होती. आई काठावर न राहता होडीत येऊन बसली होती, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. शेजारी बंगळूरच्या एक बाई होत्या. त्यांनी वाकून मला इंग्लिशमध्ये विचारलं, खाली कसं असतं?

"सांग गो!" बाबा अभिमानाने म्हणाले. "इंग्लिशात सांग!"

डोक्यात मासे होते, प्रवाळ होतं, उजेड होता. मी तोंडातली नळी काढली, खोल श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "द कूल ब्रीझ वेलकम्ड अस!"

बाई गोंधळल्या. "पाण्याखाली?"

आईने कपाळाला हात लावला. पण एकदा सुरू केल्यावर मी कधी थांबलेय का?

"येस," मी म्हटलं, "अँड व्हेरी गुड स्ट्रॉबेरीज!"