शिसवीच्या पाठीवरची दोन पानं

वडील गेल्यावर दिंडोरीचं दुकान रिकामं केलं, तेव्हा मी फक्त त्यांचं शिसवी टेबल मागून घेतलं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये ते काही मावेना. पन्नाशीत मी नुकती गिटार शिकायला लागले होते, म्हणून टेबलाच्या फळीची गिटारच करून घ्यायची ठरवली. फळी सिन्नरच्या एका गिटार बनवणाऱ्या मिस्त्रींच्या हवाली केली आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. जुन्या शिसवीची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. त्यांनी ती बदलली, तर वडिलांचं म्हणून माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

माझा स्वभावच संशयी. भाजीवालीनं वजन करून दिलं तरी मी पिशवी हातात तोलून बघते. फळी देतानाही कडेला नखाएवढी पेन्सिलची खूण करून ठेवली होती. महिन्याभरानं बघायला गेले, तर खूण रंध्याखाली गेलेली आणि काळंभोर लाकूड जांभळट निघालेलं.

"आतून असंच राहतं, ताई," मिस्त्री म्हणाले.

आत कोण बघायला गेलंय, असं मी मनात म्हटलं.

गिटार तयार झाली तेव्हा पुढच्या गोल भोकाभोवती मी सांगितलेली शिंपल्याची नक्षी होती, अगदी सुरेख. पण उलटी करून बघितली, तर पाठीवर मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना शिंपल्याचं एकेक पान बसवलेलं. ते मी सांगितलं नव्हतं.

"इथे काय झाकलंय?"

"खिळ्याचं भोक हाय."

आता बरे सापडले, असं मला वाटलं. सुतळीचं रीळ फिरावं म्हणून वडिलांनी टेबलातून एक लांब खिळा आरपार ठोकला होता. एकच.

"आमच्या टेबलाला एक भोक होतं, दोन नाही. हे लाकूड आमचं नाही. पान काढून दाखवा."

"काढलं तर तुटंल, ताई. लय पातळ हाय ते."

"तुटू दे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पटाशी घेतली. पानाचे तीन तुकडे झाले. खाली भोक होतं, गंजानं काळं पडलेलं.

मग मिस्त्रींनी दोन्ही तळवे जोडले आणि पुस्तकासारखे उघडले. "एकच फळी जाडीतून चिरायची आन् अशी उघडून जोडायची. गिटारीची पाठ अशीच करतात. एका भोकाची दोन होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पान पुन्हा बसवा ना," मी कसंबसं म्हटलं.

"नको, ताई. परत शंका आली तर बघायला एक उघडं राहू द्या."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. गिटार मांडीवर घेतली की ते भोक माझ्या पोटाशी येतं. आता मी ती कुणाला उलटी करून बघू देत नाही.