वन्संचा वाढपी

उभ्या तंजावुरात माझ्या डोक्यात गेलेली माणसं पुष्कळ आहेत, पण आमच्या वन्संइतकं खोलवर कुणी गेलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर कोर्टात बेंच क्लार्क होत्या. लग्न केलं नाही, कारण पाहायला आलेल्या प्रत्येक मुलाची त्यांनी उलटतपासणी घेतली म्हणे. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी कोर्टानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आम्ही धास्ती घेतली. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. स्कूटर चालवतात ती पायी चालणाऱ्याच्या वेगानं आणि हॉर्नवरचा अंगठा न काढता. भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडतात, सरकारी माणसांशी इंग्रजीत आणि माझ्याशी मराठीत. मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत, त्यामुळे त्यांची चिठ्ठी आली की मला ती आधी मोठ्यानं वाचावी लागते आणि मगच राग येतो. दुसऱ्याच्या घरी गेलं की बसायचं नाही, उभं राहून चुका काढायच्या, ही त्यांची पद्धत. माझ्या घरात त्यांना सापडलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी माझ्या मुलाला वाढवलं ती रीत.

माझा मुलगा प्रताप गतिमंद आहे. बोलतो थोडं, समजायला वेळ लागतो, आणि वस्तू जागच्या जागी नसल्या की त्याचं सगळं बिनसतं. अठरा वर्षांपर्यंत तो खास मुलांच्या शाळेत जायचा. अठरा पुरी झाली तेव्हा शाळेनं त्याच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला, हातात स्टीलचा डबा दिला आणि हात झटकले. पुढं काय, असं मी विचारलं तर मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "आता घरी आराम करू दे." अठराव्या वर्षी आराम. त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्या वयात कोचिंगच्या तीन शिकवण्या होत्या. प्रतापनं मग दोन वर्षं आराम केला. सोफ्यावर बसून एकच सिरियल दोनदा बघायची, मी भरवलं तर खायचं, मी निजवलं तर निजायचं. मी दमून जायची, रडायची, आणि पुन्हा त्याला भात कालवून द्यायची. घरात त्याला चिन्नू म्हणायचे आणि अर्धी चड्डी घालायचे, कारण नाडी त्याला सुटायची नाही आणि मला धावता यायचं नाही. वन्सं निवृत्त झाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा सज्ञान आहे. याच्या चड्ड्या कुठं आहेत?"

सगळ्या चड्ड्या त्यांनी जप्त केल्या. हो, जप्त. यादी केली, माझी सही घेतली आणि पिशवीत भरून नेल्या. त्याच्यासाठी चिकटपट्टीची वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणली. मी म्हटलं, ही काय खरी वेष्टी झाली? तर म्हणाल्या, "हल्ली नवरदेवसुद्धा चिकटवूनच बोहल्यावर चढतात. त्यांना कुणी मतिमंद म्हणत नाही." त्या दिवसापासून त्या त्याला प्रतापराव म्हणू लागल्या. तोवर त्या नावानं त्याला कुणीच हाक मारली नव्हती. पहिले आठ दिवस तो इकडंतिकडं बघायचा, हे राव कोण आलेत म्हणून.

आमच्या गावात एक शब्द आहे, पावम. म्हणजे बिचारा. प्रताप दिसला की लोकांच्या तोंडून तो आपोआप निघतो आणि वन्संचं त्या शब्दाशी हाडवैर. एकदा देवळात एका बाईनं प्रतापच्या गालावरून हात फिरवून "पावम" म्हटलं. वन्संनी शांतपणे त्या बाईच्या नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला आणि "पावम" म्हटलं. मी खांबाआड लपले. दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हाही असंच. डॉक्टर प्रतापकडे न बघता मला विचारत होते, हा बोलतो का, हा स्वतः जेवतो का, याला राग येतो का. वन्सं माझ्याकडे वळून डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "डॉक्टर बोलतात का गं? जेवतात का आपल्या हातानं? यांना राग येतो का, विचार बरं." डॉक्टरांना राग येतो, हे लगेच कळलं. दाखल्यासाठी आणखी चार खेपा घालाव्या लागल्या. त्या चारही खेपांत मी वन्संशी एक शब्द बोलले नाही.

आणि तरी खरं सांगते, त्यांच्यापेक्षा जास्त राग मला आमच्या नातेवाइकांचा यायचा. कुठलंही कार्य असो, पंगत बसण्याआधी कुणीतरी हळूच सांगायचं, "चिन्नूला आत जेवायला घालून टाका." घालून टाका. मांजराला घालतात तसं. मीही मुकाट्यानं त्याला स्वयंपाकघरात बसवून भरवायची, कारण चारचौघांत तो सांडेल, ओरडेल, आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. एका बारशाला तो आत जेवून बाहेर आला आणि पंगतीत एका गृहस्थांसमोर जाऊन उभा राहिला. हलेना. गृहस्थ कावरेबावरे झाले. वन्संनी पाहिलं, गृहस्थांच्या पानावर मीठ नव्हतं. मीठ आलं तेव्हा प्रताप पुढं सरकला आणि शेवटपर्यंत सगळी पानं तपासत गेला. एकावर लोणचं नव्हतं, तिथंही थांबला. परत येताना वन्सं रिक्षात म्हणाल्या, "याला काम मिळालं."

मग त्यांच्या घरी शाळा सुरू झाली. रोज सकाळी सात ते नऊ. भिंतीवर त्यांनी तमिळ अक्षरांत मराठी यादी चिकटवली, मीठ, लोणचं, कोशिंबीर, भाजी, वडा, पापड, पायसम, भात, अशी ओळीनं. प्रतापला वाचता येत नाही, पण यादी लावल्याशिवाय वन्संना काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. लांबट खोलीत भिंतीकडेनं बारा केळीची पानं मांडायची, आणि प्रतापनं कोरडे तांदूळ आणि पाणी घेऊन वाढत जायचं. चुकला की "परत." सांडलं की "पूस आणि परत." शाबासकी नाही, गोड बोलणं नाही. मी एकदा म्हटलं, वन्सं, जरा मायेनं घ्या. म्हणाल्या, "माया तू वीस वर्षं केलीस. आता त्याला जरा शिकू दे." मी ताडकन उठून घरी आले. पण प्रताप राहिला. आणि पाच महिन्यांत तो बारा पानं अशी वाढू लागला की मीठ मिठाच्या जागी आणि पापड पापडाच्या, एक बोटसुद्धा इकडं तिकडं नाही.

वन्संनी मणी नावाच्या एका जेवणावळीच्या कंत्राटदाराला गाठलं आणि तो हो म्हणेपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहिल्या. पहिलं लग्न गावातल्याच हॉलमध्ये होतं. आणि तिथं, वाचकहो, आमच्या हुशार वन्संची हुशारी बाहेर पडली. त्यांच्या खोलीत पानं भिंतीला लावून मांडलेली, जेवायला बसलेलं कुणीच नाही. प्रताप पाच महिने जेवणाऱ्याच्या बाजूनं वाढत होता आणि हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. हॉलमध्ये टेबलांवर पानं मांडली, माणसं खुर्च्यांवर बसली. वाढपी समोरून वाढत निघाले. समोरून प्रतापला पान उलटं दिसलं, त्याचं डावं ते उजवं झालं. तो गोंधळला, थांबला, आणि मग त्यानं त्याच्या मते अगदी बरोबर केलं. मागच्या बाजूला गेला आणि दोन खुर्च्यांमधून माणसांच्या खांद्यांवरून वाकून वाढू लागला. सांबार नवऱ्या मुलीच्या मामीच्या रेशमी साडीवर गेलं. मामी किंचाळली. प्रताप कान झाकून खाली बसला.

मणी वाईट माणूस नाही, हाच तर संताप आहे. त्यानं प्रतापला उठवलं, "पावम, पावम" म्हणत हात धुण्याच्या जागेजवळ खुर्चीवर नेऊन बसवलं, हातात मिठाईचा पुडा दिला आणि मला म्हणाला, "अम्मा, त्याला रोज आणा. नुसता बसला तरी चालेल, पुण्य लागतं." वन्सं अशा भडकल्या की लग्नाचे भटजी थांबून बघू लागले. "त्यानं साडी खराब केली. शिव्या द्या. बाकीच्यांना देता ना? उद्यापासून येऊ नको म्हणा. पण खुर्ची देऊ नका, खुर्चीसाठी नाही आलो आम्ही."

मी वन्संना रस्त्यावर आणून जे बोलले ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. म्हटलं, "माझ्या मुलाचा तमाशा केलात. तुमचं काय जातं? तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार." वन्संचा चेहरा पांढरा पडला. आवाज मात्र चढला नाही. म्हणाल्या, "नाही कळत. एवढंच सांग, तू गेल्यावर याला भात कोण कालवून घालणार? नाव सांग. मी आत्ता घरी जाते." माझ्याकडे नाव नव्हतं. ह्यांचं नाही, दिराचं नाही, ज्यांनी घालून टाका म्हटलं त्यांतल्या एकाचंही नाही. दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या आणि स्कूटरवाले शिव्या घालत बाजूनं जात होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रतापला उठवलंच नाही. तो स्वतः उठला, वेष्टी चिकटवली आणि निघाला. मी मागं. मला वाटलं वन्संकडे जाईल, तर गडी गल्लीकडं वळलाच नाही, सरळ मणीच्या स्वयंपाकाच्या शेडवर गेला. तिथं एक म्हातारे वाढपी पानं पुसत होते. प्रताप त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी मान वर केली आणि कडाडले, "काल खांद्यावर चढत होतास ना माणसांच्या? गाढवा, डावं उजवं कशाला बघतोस? पानाचा शेंडा बघ. शेंडा जिथं, मीठ तिथं. तू कुठंही उभा राहा, शेंडा हलत नाही. धर फडकं." प्रतापनं फडकं धरलं. त्याला गाढव म्हणणारा पहिला माणूस भेटला होता, आणि मी शेडच्या बाहेर उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होते. पाच महिने दोन शिकलेल्या बायकांना जे सुचलं नाही ते त्या माणसानं एका दमात सांगितलं. हे मी वन्संना सांगितलं तेव्हा त्या चार दिवस फणफणत होत्या. "शेंडा मला माहीत होता," म्हणाल्या. नव्हता माहीत.

त्याला आता दीड वर्ष झालं. प्रताप कामाला जातो. मीठ आणि लोणचं ही त्याची खाती. कुणी महत्त्वाचा माणूस "मला आधी पायसम" म्हणाला तरी प्रतापच्या हातून मिठाआधी काही पडत नाही. मणी चारचौघांत त्याच्यावर ओरडतो, आणि तो ओरडला की वन्सं रस्त्याच्या पलीकडे समाधानानं मान हलवतात. पलीकडे म्हणजे काय, प्रत्येक लग्नाला आम्ही दोघी असायचोच. बोलावणं नसलेल्या किती लग्नांच्या बाहेर आम्ही उन्हात उभ्या राहिलो याची गणती नाही. वन्सं सांगायच्या, मी देखरेखीला आहे. मी म्हणायची, मी वन्संच्या सोबतीला.

गेल्या महिन्यात पापनाशमला तीन दिवसांचं लग्न निघालं. सगळ्यांनी टेंपोनं जायचं, तिथंच राहायचं. सकाळी सहाला कोपऱ्यावर टेंपो उभा होता. मी दहीभाताचा डबा घेऊन गेले. वन्सं प्रतापची पिशवी घेऊन आल्या आणि पायांत चालायचे बूट घालून आल्या, कारण त्यांना म्हणे पापनाशमच्या देवाला नवस फेडायचा होता. देव मानत नाहीत त्या, पण असो. प्रतापनं पिशवी घेतली. डबा परत माझ्या हातात दिला. "तिकडं जेवण असतं," म्हणाला. मग वन्संच्या बुटांकडे बराच वेळ बघितलं. "आत्या, येऊ नको." माझ्याकडे वळला. "अम्मा, तू पण." त्या म्हाताऱ्या वाढप्यांशेजारी चढून बसला. टेंपो सुटला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

घरी येईपर्यंत वन्संनी टेंपोवाल्याला, रस्त्याला, मणीला आणि माझ्या दहीभाताला नावं ठेवली. स्वयंपाकघरात येऊन त्या चक्क बसल्या. बूट काढले. "निघताना मागं बघायचं एवढं वळणसुद्धा लावलं नाहीस त्याला," म्हणाल्या. मी म्हटलं, "कामाला जाणारी माणसं बघतात का मागं? तुम्ही बघायचात कोर्टात जाताना?"

"मला पोचवायला कोण होतं."

मी डबा उघडला, दोघींनी त्यातच जेवून घेतलं. वन्संनी डबा धुऊन पालथा घातला. मग कोर्टात तारीख विचारावी तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी सात वाजता मी काय करायचं गं?"

सातला काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, इकडंच या, कॉफी घेऊ. आल्या, बरोबर सातला. दोघी समोरासमोर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्याकडे भांडायला काही नव्हतं.