पाणी घातल्यावर घट्ट झालेला साबण

किहीमच्या साबणकाकू पर्यटकांनी टाकून दिलेले फुटके गॉगल जमवत. डोळ्यांवर मात्र त्यांनी कधी एकही चढवला नाही. त्यातल्या एकाच दिशेचा उजेड आत सोडणाऱ्या काचा काढायच्या, दोन काचांच्या मध्ये ओल्या साबणाचा थेंब ठेवायचा आणि वरची काच फिरवत उजेडाकडे धरायची. "ये, बघ," म्हणायच्या. काळ्या काचेत जांभळे-पिवळे रंग फुललेले दिसत. माझी मुक्ता ते बघायला गेली आणि तिथलीच झाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पण रसायनशास्त्र मी शिकवलं की पोरीला कडू काढा, आणि काकूंनी शिकवलं की श्रीखंड! काकू मुंबईच्या साबण कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या. आता वाडीतल्या खोबरेलाचा साबण करायच्या. सांगायच्या, "साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याचं वेडं, शेपटी पाण्याला भिणारी. थोडे असले की शेपट्या आत घेऊन गोळे करतात. गर्दी झाली की लांब कांड्या करून रचून बसतात, आणखी झाली की थरावर थर. वाहतात, पण शिस्तीत. म्हणून द्रवस्फटिक." यात मला न कळण्यासारखं काय होतं? तरी जेवताना मुक्ता मलाच ते समजावायची आणि मी तिच्या पानात आणखी भात वाढायचे.

एकदा काकू नारळ उतरवून घ्यायला वाडीत गेल्या होत्या. कढईतला साबण मला फार दाट वाटला. मुक्ता समोरच होती. म्हटलं, आपणही काही करून दाखवावं. ओतलं तांब्याभर गरम पाणी आणि लागले ढवळायला. पातळ व्हायचं सोडून तो असा घट्ट झाला की कालथा उभाच राहिला!

"अगं आई, आधी थर होते, ते एकमेकांवरून सरकत होते. पाण्याने त्यांच्या कांड्या झाल्या, त्या अडकल्या," मुक्ता म्हणाली. काकूंनी येऊन मिठाचं पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा थर जमून साबण सैल झाला. "अगो, ही चूक कारखान्यात मीही केलीय," एवढंच म्हणाल्या. त्यांचा तो चांगुलपणाच मला जास्त झोंबला.

मुक्ता आता पुण्याला द्रवस्फटिकांवरच संशोधन करते. गेल्या वर्षी काकू गेल्या. फोनवर कळवलं तर पोरगी हमसून हमसून रडली.

"मी आहे ना गं," मी म्हटलं.

"तू आहेसच गं आई. पण काकू नाहीत."

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. आणि फोन ठेवून, ओट्याशी उभी राहून, त्यांच्यासाठी रडलेही.