वानखडे सरांचा चुकलेला तास

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. मुलांना बर्नर बंद करायला सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिले. महिना होत आला. अकोल्याचा नंबर दिसला की अजून तोंडातून निघतं, "सर, बोला..."

सर अकोल्याचे, रसायनशास्त्राचे. नव्या प्राध्यापकांना शिकवायचं कसं, हे शिकवण्याचं काम विद्यापीठाने बरीच वर्षं त्यांच्याकडे दिलं होतं. मी त्यांच्याकडे गेले ती राजीनामा लिहूनच. माझ्या वर्गात मुलं माना डोलवायची आणि परीक्षेत कोरी पानं ठेवायची. शिकवणं आपल्या रक्तातच नाही, अशी माझी खात्री झाली होती. सरांनी तो कागद उघडलासुद्धा नाही. "पयले माहा तास पाय," म्हणाले. "मी कुठं चुकतो ते सांग." मागच्या बाकावर बसून मी तो तास डोळे विस्फारून ऐकला. बाहेर आल्यावर म्हटलं, छान झाला सर. "तारीफ करायले नाही बसवलं तुले. पोरं कुठं सुटली?" मग भीत भीत सांगितलं... शेवटची दहा मिनिटं मुलं नुसती उतरवून घेत होती. समजलं का विचारल्यावर सगळी हो म्हणाली, पण माझ्या शेजारच्या मुलीच्या वहीत अभिक्रियेचे सगळे बाण उलटे होते. सर तडक स्टाफरूमकडे वळले. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी, निम्म्या वऱ्हाडातले रसायनशास्त्राचे मास्तर ज्याने घडवले तो माणूस वर्गासमोर उभा राहून म्हणाला, "काल मी चुकलो. या मॅडमनं पकडलं. पुन्हा करू." आणि तोच तास त्यांनी वेगळ्या वाटेने पुन्हा घेतला. परतताना एसटीत मी राजीनामा फाडला.

पुढे सर कितीदा तरी अकोल्याहून येऊन माझ्या वर्गात बसले. मी बरी शिकवू लागले. नव्यांना तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. पण चूक कबूल करणारं ते एक वाक्य मला वर्गासमोर कधी म्हणता आलं नाही. सरांना ते ठाऊक असावं. शेवटच्या भेटीत, अंथरुणावरून, हळूच म्हणाले, "चांगली शिकवून राहिली तू. पण पोरं अजून तुले भेतात. काहून, ते तूच पाय." मला राग आला होता. आज त्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात अचलपूरची एक मुलगी आमच्याकडे प्राध्यापक म्हणून रुजू झाली. तिला माझ्या तासाला बसवलं. बाहेर येऊन बराच वेळ ओढणीशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, शेवटचं गणित मलेच नाही समजलं."

दुसऱ्या दिवशी हातात खडू घट्ट धरून मी वर्गाला म्हटलं, "काल मी चुकले." सरांनी हे इतक्या सहज कसं म्हटलं असेल, देव जाणे. मग मागून, वर्षभरात कधी तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, परवाचंबी नाही समजलं."