खोक्यावरचं स्टिकर

मी सुतार. चौथीनंतर शाळा सुटली, पण माप कधी चुकलं नाही. दरवाजा बसेना म्हणून मला कोणी परत बोलावलेलं नाही.

बायको मसुऱ्याच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत बसे. मला झरझर वाचता येत नाही, आणि वाचून दाखव म्हणायला जीभ रेटली नाही. ती गेली. लिहिलेलं आत राहिलं.

ते काढायचं मुलीने मनावर घेतलं. ती पुण्यात प्रोग्राम लिहिते. मशीन कुडाळच्या दुकानात न्या म्हणाली. मी नाही म्हटलं. बायकोच्या वस्तूला परक्याने हात लावायचा नाही. मग म्हणाली, इथूनच तुमच्या मशीनमध्ये शिरते. बाजारातले प्रोग्राम त्या जुन्या मशीनवर चढेनात, म्हणून स्वतःच कंपाइल करून पाठवू लागली. प्रोसेसर कुठला, विंडोज कुठलं, त्याप्रमाणे प्रोग्राम निराळा बांधावा लागतो. हे मला लगेच कळलं. एका घराची चौकट दुसऱ्या घराला बसत नाही.

कॉम्प्युटरच्या खोक्यावर काय लिहिलंय, तिने फोनवर विचारलं. मी स्टिकरवरची अक्षरं एकेक करून सांगितली. तिने बांधला, चालला नाही. जुन्या विंडोजसाठी बांधला, मग त्याहून जुन्या. तीन रविवार गेले. मशीन आतून टकटक करायला लागलं.

प्रोग्राम का चालत नाही, ते मला ठाऊक होतं. खाऱ्या हवेने मूळ खोकं गंजलं, तेव्हा ओरोसला भंगारात पडलेलं एक आणून आतलं सगळं मी त्यात बसवून घेतलं होतं. स्टिकर त्या भंगाराचं. पण बाप भंगार उचलून आणतो, हे लेकीला कसं सांगायचं? चौथ्या रविवारी सांगितलं.

ती म्हणाली, "बाबानू, तुमी माका दुसऱ्याच्या घराची मापां दिलास. आनी मी चौकटी करीत रवलंय."

गंजलेलं मूळ खोकं माळ्यावर होतं, त्यावरची अक्षरं मी सांगितली. तासाभरात तिने नवा बांधून पाठवला. चालला. तिकडे तिला फायलींची नावं दिसली, ती वाचत गेली. माहेर. शाळा. आंगणेवाडीची जत्रा. ह्यांच्याविषयी.

"ती शेवटची आदी उघड," मी म्हटलं.

उघडते म्हणाली. टकटक थांबली आणि पडदा काळा झाला.

पुढे मीच ते खोकं मांडीवर घेऊन एसटीने कुडाळला गेलो. दुकानदाराने डिस्क कानाला लावली, मान हलवली. मुंबईला पाठवली, तिथूनही तशीच परत आली.

मुलगी विचारते, आईने काय लिहिलं असेल? हे हट्टी आहेत, एवढं असणारच. बाकीचं मला माहीत नाही.