पंचवीसचे चाळीस

"चालीस की रफ्तार। कान पकड़। दस उठक-बैठक। फिर जा।"

दरोगा खुर्चीवरून उठलाबी नाई. बाभळीखाली खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर घड्याळ. मी मँगनीजचा भरलेला ट्रक कडेले लावला, खाली उतरलो आन् कान पकडले. हौ, पकडले. मांगं किरनापूरची बस उभी होती, खिडकी-खिडकीत मुंडकी. सात झाल्या तं दरोगा म्हणे गिनती चुकली, पुन्हा एकपासून. मी पुन्हा एकपासून केल्या.

नसत्या केल्या तं चालान होतं. वेगाचे दोन शेरे लायसनवर आधीच पडले होते. तिसरा पडला का लायसन जमा. लायसन गेलं का मी पुन्हा तिरोडीच्या खाणीत, डोक्यावर घमेलं. बाप त्या घमेल्याखालीच वाकला. आमच्या घराण्यात स्टेअरिंग धरणारा मी पहिला.

तेवढ्यात भैयाजीची जीप आली. भैयाजी म्हणजे आमच्या मालकाचा पुतण्या, माह्याच वयाचा. त्याले गाडी कोणं शिकवली? मी. क्लच कवा सोडाचा हे तीन महिने समजे नाई बह्याडाले! साठच्या वेगानं आला तो. दरोग्याचा हात टोपीकडे गेला. सलाम! भैयाजीनं जीप हळू केली, गॉगल वर केला. "क्या उस्ताद, फँस गए?" म्हणे, आन् धूळ उडवत गेला.

खरं सांगतो, त्या दिवशी मले अन्यायाचा राग नाई आला. मी जळलो. त्याचा टेरिलीनचा शर्ट, तो गॉगल, तो सलाम, सारं मले पाह्यजे होतं. ती जीप माही असती आन् दुसरा कोणी कान धरून उभा असता, तं मीबी तसाच हसत गेलो असतो. आता सांगाले लाज वाटते. पण असंच होतं.

जळणारा माणूस हिशेब सोडत नाई, हेबी खरं. भरला ट्रक मी पंचवीस मैलाच्या वर, म्हणजे हद्दीबाहेर, नेतच नव्हतो. मंग दरोग्याचे चाळीस कुठून येत? त्याची रीत अशी: एक शिपाई रस्त्याच्या कडेच्या पहिल्या दगडापाशी उभा, दरोगा दुसऱ्यापाशी. ट्रक तिथून गेला का तो लाल झेंडा पाडे, दरोगा घड्याळ चालू करे. दुसऱ्या दगडापाशी आला का बंद करे. मंग वहीत चिकटवलेला तक्ता पाहे. एक मैल इतक्या सेकंदात, म्हणजे वेग इतका.

पुढच्या खेपेले मी रस्त्याकडे कमी आन् मीटरकडे जास्त पाह्यलं. मीटरातलं शेवटचं चाक दहा घरं फिरलं का एक मैल होते. दगडापासून दगडापर्यंत ते सहाच घरं फिरलं. येतानी पाह्यलं. सहाच. दुसऱ्या दिवशी पाह्यलं. सहाच.

आन् मंग टाळकं ठिकाणावर आलं. मागल्या उन्हाळ्यात मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे रोवले होते. दगड नवे, तक्ता जुना! किलोमीटर चाललो का दरोगा मैल धरे. पंचवीसचे चाळीस. त्या रस्त्यानं जाणारा हरेक ट्रकवाला असाच गुन्हेगार झाला होता.

आठ दिवसांनी पुन्हा मले थांबवलं. "चालीस। कान पकड़।"

मी हात खालीच ठेवले. म्हटलं, "साहब, ये मील नहीं है, किलोमीटर है। गाड़ी में बैठो, मीटर देखो।"

आता दरोगा खुर्चीवरून उठला. "तुम लोगों के हाथ में बैलगाड़ी नहीं देनी चाहिए। हमको नापना सिखाता है?"

तुम लोग म्हणजे कोण, हे त्याले कोणी सांगाची गरज नव्हती. आमचं घर दीक्षा घेतलेलं, आन् आडनाव लायसनवर होतं.

मांगून भैयाजीची जीप येऊन थांबली. "अपना आदमी है, दरोगाजी। छोड़ दो।" दरोगा म्हणे, "आपके कहने से। कान पकड़े और जाए।" भैयाजी माह्याजवळ आला. "पकड़ ले ना उस्ताद, क्या जाता है?"

त्याच दोन दगडांमधून तो आत्ताच साठनं आलता. त्याच्यासाठी झेंडा पडलाच नव्हता. मी त्याच्याकडे पाह्यलं आन् मले समजलं, मी भलतंच मागत होतो. मले त्याची सूट पाह्यजे होती. त्याची सूट आन् माही शिक्षा, दोन्ही त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीतून निघत होत्या. आज भैयाजीच्या शब्दावर सुटलो असतो, तं जल्मभर त्याच्याच शब्दावर जगलो असतो.

"चालान करो," मी म्हटलं. "और लिखो, किस पत्थर से किस पत्थर तक।"

खुर्चीजवळच्या दुसऱ्या शिपायानं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. मी पेन मागतला. सही केली आन् खाली लिवलं: अंतर एक किलोमीटर. दरोग्यानं लायसन खिशात टाकलं. जीप तिथंच सोडून भैयाजी माहा ट्रक घेऊन गेला, गिअर करकरवत. मी पायी निघालो.

दोन महिने झाले, तिरोडीले घमेलं उचलून राह्यलो. बायको म्हणते, "दहा उठकबैठका काढल्या असत्या तं गुडघे झिजले असते काय तुमचे?" तिचं खोटं नाई. घर तिलेच चालवा लागते. आन् भैयाजीची जीप समोरून जाते तवा मी अजूनबी जळतो. संत नाई झालो मी.

सोमवारी कोर्टात पेशी आहे. चार ट्रकवाले आपापलं चालान घेऊन येऊन राह्यले. मी माफी मागणार नाई. साखळी आणा आन् रस्ता मोजा म्हणीन. माहं चालान खोटं निघालं तरी गप बसणार नाई. जीपचा नंबर मले पाठ आहे. या नंबरचं एकबी चालान काहून नाई, हे मी भर कोर्टात विचारीन. लायसन वापस भेटो का न भेटो, उत्तर घेतल्याबिगर मी कठड्यातून उतरणार नाई.