लीजच्या जमिनीवरचा फ्लॅट

फ्लॅट आमचा, पण खालची जमीन लीजवर, हे घेतानाच माहीत होतं. जमिनीचं भाडं दर दहा वर्षांनी दुप्पट होणार, हेही करारात होतं. "वहिनी, एवढे तर तुमचे भाजीत जातात," असं बिल्डर हसत म्हणाला होता. ते हसणं आठवलं की आजही डोकं फिरतं.

यांचे गुडघे गेले आणि बिनलिफ्टचा तिसरा मजला झेपेना. हुडकेश्वरला तळमजल्यावरचं छोटं घर पाहिलं, आणि आमचा फ्लॅट विकायला काढला. पहिलंच जोडपं पसंत करून गेलं. त्या पोरीनं तर पाळणा कुठे टांगायचा तेही ठरवलं. मग एक दिवस तिचा रडवेला फोन आला. भाडं असं वाढत जाणार म्हणून बँकेनं कर्ज नाकारलं होतं. तिच्यामागून आलेल्यांचंही तेच झालं.

मी जमीनमालकाकडे गेले. म्हातारा वारल्यापासून कारभार मुलाच्या हाती होता.

"काकू, सही तुमचीच आहे ना? मग माझ्यावर काहून चिडून राहिल्या?"

"दुपटीची अट काढ. आम्ही काय मरेपर्यंत अडकून पडायचं?"

त्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी हातही लावला नाही.

शेवटी दलालानं कर्ज न काढणारं गिऱ्हाईक आणलं. भाव ऐकून यांनी मान खाली घातली. तरी आम्ही हो म्हटलं, दुसरा इलाज नव्हता.

रजिस्ट्रीच्या दिवशी बाकावर बसलो होतो. विक्रीला जमीनमालकाची संमती लागते, म्हणून तो मुलगाही आला. त्याला पाहताच आमचं गिऱ्हाईक लगबगीनं उठलं. "या जिजाजी!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. यानंच आमचं घर मातीमोल करायचं, आणि यानंच ते मेहुण्याच्या नावानं उचलायचं. मग अट काढून टाकायला याला कोण अडवणार?

"उठा," मी यांना म्हटलं.

"काहून वं? सगळं ठरलं ना आता."

"उठा म्हणते ना!"

दलाल मागे धावला. "काकू, असं गिऱ्हाईक पुन्हा नाही भेटणार."

"तुले माहीत होतं?" मी भर आवारात ओरडले. इसाराचा चेक मी त्याच्या हातात कोंबला.

त्याच संध्याकाळी मी बिल्डिंगचं एकेक दार वाजवलं. वरच्या मास्तरीणबाईंकडे हाच दलाल येऊन गेला होता, समोरच्यांकडेही. दुपटीची अट रद्द व्हावी म्हणून सगळ्यांनी मिळून कोर्टात दावा लावला.

हुडकेश्वरचं घर दुसऱ्यांनी घेतलं. दाव्याच्या तारखा पडत राहतात. हे प्रत्येक मजल्यावर थांबून, कठडा धरून वर येतात. "आई, आता तरी राग सोड," मुलगी फोनवर म्हणते. मी विषय बदलते आणि वकिलांना पुढची तारीख विचारायला फोन लावते.